तिसऱ्या पत्राचा सूर

धाकट्या बहिणीचं कार्ड मंगळवारी सकाळी आलं तेव्हा सूरबाई कचेरीला निघायच्या घाईत होत्या. हातात कुलूप, काखेत पर्स, अशा दारातच उभ्या राहून त्यांनी ते वाचलं. वेळ लागावा असं त्यात काही नव्हतंच. "ती. ताईस सा. न. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलं आहे. डॉक्टर चांगले आहेत. शेजारच्या वहिनी सोबत येणार आहेत, तेव्हा तू येण्याची तसदी घेऊ नकोस. तुझी कचेरी असते. काळजी नसावी." खाली सही. ओळी सरळ, अक्षर सुबक, एकही खाडाखोड नाही.

"समंजस," सूरबाई मनाशी म्हणाल्या. कार्ड पर्समध्ये टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि बस गाठली.

सख्ख्या बहिणीचं परवा ऑपरेशन आणि बाई एक शब्द म्हणून बस गाठते, हे ऐकणाऱ्याला राग यावा, आणि यायलाच हवा. पण त्या काही दगडाच्या नव्हत्या. सव्वीस वर्षं त्यांनी पोटासाठी एकच काम केलं होतं, ते म्हणजे कुणाचंही पत्र वाचून त्याला एक शब्द चिकटवणं. ही खोड आता त्यांच्या हाडात गेली होती.

घरबांधणी मंडळाच्या कचेरीत त्या आवक कारकून होत्या. मंडळाच्या चाळीस-बेचाळीस इमारती, त्यांत हजारो भाडेकरू, आणि भाडेकरू म्हटला की त्याचा नळ गळणार, भिंतीला ओल येणार, जिन्यातला दिवा जाणार. हे सगळं रडगाणं कागदावर उतरून रोज सकाळी सूरबाईंच्या टेबलावर येऊन पडायचं. पाकीट फोडायचं, तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची, इथपर्यंत कुठल्याही कचेरीत होतं तेच. पण इथे आणखी एक रीत होती. पत्राच्या डाव्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं एक शब्द लिहायचा. पत्र कुठल्या सुरात लिहिलंय, तो शब्द.

ही रीत पाडली होती एका जुन्या हेडक्लार्कनं. त्यानं एका नव्या इंजिनिअरला "किरकोळ गळती आहे, बघून या" म्हणून पाठवलं, आणि तिथल्या भाडेकरूनं चार महिने साठवलेला संताप बादलीतल्या पाण्यासकट त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर ओतला. तेव्हापासून हेडक्लार्कचं म्हणणं असं, की काय मोडलंय ते पत्रात असतंच, पण माणूस किती मोडलाय ते आधी कळायला हवं. साहेब लोकांना अख्खं पत्र वाचायला वेळ कुठला? ते कोपरा वाचायचे. आणि कोपऱ्यावरूनच पत्र कुठल्या ट्रेमध्ये पडायचं ते ठरायचं. "धमकीवजा", "निर्वाणीचा" हे वरच्या ट्रेत. "चिडका", "रोखठोक", "तिरकस" मधल्या. खालच्या ट्रेत बाकीचे, आणि त्यातही सगळ्यांत तळाशी "समंजस". समंजस माणूस थांबू शकतो, असा हिशेब होता.

नव्या कारकुनाकडे मोजून तीन शब्द असायचे: रागीट, रडका आणि बरा. सूरबाईंकडे शंभराच्या वर होते, आणि ते त्या नुसते मिरवत नव्हत्या, वापरत होत्या. खोचक आणि बोचरा यांत कुणी गल्लत केली की त्यांचं डोकं फिरायचं. "अहो, खोचक लिहिणाऱ्याला ठाऊक असतं आपण टोचतोय, आणि तो आतून खूश असतो," त्या सांगायच्या. "बोचरं लिहिणाऱ्याला आधी स्वतःलाच टोचलेलं असतं." अजिजी वेगळी, लाचारी वेगळी. अजिजी करणारा मान खाली घालतो. लाचार माणसाला आपल्याला मान आहे हेच आठवत नाही. त्रागा म्हणजे राग नव्हे, कारण त्राग्यात माणूस स्वतःचंच डोकं आपटून घेतो. आणि मानभावी पत्र तर बाईंना पाकीट न फोडता कळतं, असं शिपाई छातीठोकपणे सांगायचा. त्यात फारशी जादू नव्हती. तसल्या पाकिटावर साहेबांच्या हुद्द्याआधी निदान तीन विशेषणं असायची.

यावरूनच त्यांचं नाव सूरबाई पडलं. थट्टेत पडलं खरं, पण पुढे साहेबसुद्धा तेच म्हणायला लागले. लग्न केलं नव्हतं, घरी कुणी नव्हतं, कचेरीत मान होता. आपल्याला माणसाची ओळ वाचता येते, याचा त्यांना अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, थोडी घमेंडही होती.

त्या घमेंडीनंच दोन वर्षांपूर्वी घात केला.

आई शेवटचे चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. ती असायची धाकटीकडे, बसनं चार तासांवर. धाकटी दुकानांसाठी शाळेचे गणवेश शिवायची. मशीन आईच्या खाटेजवळ ओढून घेऊन तिनं ते चौदा महिने काढले. सूरबाई महिन्यातून एका रविवारी जायच्या, पिशवीभर संत्री घेऊन जायच्या आणि संध्याकाळच्या बसनं परत यायच्या. आई गेली. पंधरा दिवसांनी धाकटीचं पत्र आलं, चांगलं चार पानी. सोबत आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी दोन अर्ज होते, सूरबाईंची सही हवी म्हणून.

राग धाकटीच्या नाकावर लहानपणापासून. पण हे पत्र नाकावरचं नव्हतं, पार पोटातून आलेलं होतं. आईची कूस बदलून बदलून धरलेली पाठ त्यात होती, "रविवारची पाहुणी" होती, दोन-दोन वेळा अधोरेखित केलेले शब्द होते, शाई फुटलेल्या जागा होत्या. "आईला पाणी गिळता येत नव्हतं आणि तू संत्री आणत होतीस. एकदा तरी विचारलंस, कोण खातं ती?"

सूरबाईंनी ते पत्र कचेरीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. हातात पेन्सिल होती. वाचून झालं, जीव घाबराघुबरा झाला, आणि हातानं त्याला जे येत होतं ते केलं. पहिल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात तांबड्या अक्षरांत लिहिलं, "आक्रस्ताळा". मग अर्जांवर सह्या केल्या, सगळे कागद एकावर एक नीट लावले आणि पाकिटात घालून टपालात टाकले. सगळे, म्हणजे त्या चार पानांसकट.

आठ दिवसांनी धाकटीचं कार्ड आलं. "माझं पत्र तपासून परत पाठवल्याबद्दल आभारी आहे." एवढंच. आपण काय करून बसलो ते सूरबाईंना तेव्हा कळलं. त्यांनी लगेच उत्तर धाडलं, पण ते कसं, तर "कचेरीतली सवय गं, मनावर घेऊ नकोस." जिथे चुकलं म्हणायला हवं होतं तिथे त्यांनी सवय सांगितली. मग वर्षभर दोघींकडून चिटोरं नाही. गेल्या वर्षी दुसरं कार्ड आलं. "पोटात सारखं दुखतं. जमलं तर दोन दिवस येऊन जाशील का? तपासणीला एकटीला भीती वाटते." सूरबाईंनी कळवलं, वर्षअखेर आहे, रजा मिळणार नाही, डॉक्टर सांगतील तसं कर. रजा मागितली असती तर मिळाली असती. पण धाकटीच्या डोळ्याला डोळा भिडवायची त्यांची हिंमत नव्हती.

आणि आज हे तिसरं. निवळली बिचारी, असं बसमध्ये बसल्या बसल्या त्यांना वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं. गुरुवारी दुपारी फोन करून चौकशी करू, असं ठरवून त्या कचेरीच्या थांब्यावर उतरल्या.

साडेअकराच्या सुमारास खिडकीशी एक म्हातारा उभा राहिला. इस्त्री केलेला शर्ट, बोटांच्या टोकांना जुन्या डिंकाचा पिवळेपणा. पुस्तकं बांधायचं काम आयुष्यभर केलेला बाइंडर होता तो. त्यानं एक अर्ज पुढे केला आणि म्हणाला, "भाडेपत्रावरचं बायकोचं नाव कमी करायचंय. कुठं द्यायचं?"

अक्षर पाहिलं आणि सूरबाईंना ओळख पटली. माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत, अक्षर मात्र त्या विसरत नसत. "चौथा मजला ना? लिफ्टचं लिहिलं होतंत तुम्ही. लिफ्ट दुरुस्त झाली की गेल्या महिन्यात."

"झाली. चांगली चालते," बाइंडर म्हणाला. "आमच्या घरात आता तिचं काही काम नाही. मला पाय आहेत."

सूरबाईंनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. कपाटातून फाईल काढली. त्यांना नुसतं खात्री करून घ्यायचं होतं की आपलं काही चुकलेलं नाही. तीन पत्रं होती. पहिलं दोन पानी, कोपऱ्यात "त्रागा". लिफ्ट बंद, बायकोला चालता येत नाही, आठ आठ दिवस ती खिडकीतून खाली बघत बसते, तुम्हाला आयाबहिणी आहेत की नाही. दुसरं पानभर, कोपऱ्यात "अजिजी". एकदाच तिला खाली अंगणात न्यायचंय, दोन माणसं पाठवलीत तरी खुर्चीसकट उचलून नेऊ, आपले उपकार होतील. तिसरं पाच ओळींचं. "लिफ्टसंबंधी पूर्वी लिहिलेच आहे. आपल्याकडे कामे असतात याची जाणीव आहे. सवडीने बघावे. आमची घाई नाही. त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी." कोपऱ्यात त्यांच्याच हातचा, गोलाकार, तांबडा शब्द होता: "समंजस". मग पत्र तळाच्या ट्रेत गेलं होतं आणि अडीच महिने तिथेच होतं.

"कधी गेल्या?" त्यांनी विचारलं.

"हे तिसरं टाकलं ना, त्यानंतर महिन्यानं. चार जणांनी जिन्यानं खाली आणली. वळणावर फार त्रास झाला हो." बाइंडरनं बोटं एकमेकांत गुंतवली. "एवढ्या दिवसांनी अंगणात आली ती अशी."

सूरबाईंनी फाईल त्याच्यापुढे सरकवली. सव्वीस वर्षांत बाहेरच्या माणसाला कोपरा दाखवायची ही पहिलीच वेळ. "हे मी लिहिलं होतं. पहिली दोन वाचून मला वाटलं, आता तुम्ही समजून घेतलंत."

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. त्या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला. सूरबाईंना वाटलं, आता हा ओरडणार. ओरडला असता तर त्यांना हवंच होतं.

"समजून कसलं घेतोय बाई," तो साधेपणानं म्हणाला. "तोवर कुणी वाचतंय असं वाटायचंच बंद झालं होतं. वाचणारं कुणी नसलं की काय, माणूस शाळेतल्यासारखं नीट लिहितो. तिनंच सांगितलं होतं, शेवटचं एक लिहा, आणि चांगलं लिहा, भांडू नका. म्हणाली, भांडायचं आपल्या माणसाशी."

तो अर्जाची पोच घेऊन गेला. जाताना खुर्ची पुन्हा भिंतीला लावून ठेवली. सूरबाई बसून राहिल्या. शंभराच्या वर शब्द होते त्यांच्याकडे, पण जो माणूस आशा सोडून गप्प होतो त्याच्यासाठी एकही नव्हता. आजवर अशी किती पत्रं त्यांनी तळाशी घातली असतील? ते मोजायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी पर्समधून धाकटीचं कार्ड काढलं आणि बाइंडरच्या तिसऱ्या पत्राशेजारी ठेवलं. तुझी कचेरी असते. आपल्याकडे कामे असतात. तसदी घेऊ नकोस. त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी. अक्षर तेवढं वेगळं होतं. सूरबाईंना सगळ्या कचेरीसमोर रडू फुटलं.

शिपाई पाण्याचा पेला घेऊन धावला. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी डोळे पुसले आणि आधी काम केलं. तळाचा ट्रे उचलून टेबलावर पालथा केला. ज्यांचं पहिलं किंवा दुसरं पत्र आधी येऊन गेलं होतं अशी सात पत्रं निघाली, सातही "समंजस". ती घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. "ही आज बघायची. आणि यापुढे एकाच माणसाचं तिसरं पत्र आलं, की सूर कसलाही असू दे, ते वरच्या ट्रेत."

साहेब चकित झाले. सूरबाई कधी आवाज चढवत नसत. "अहो, पण मग तुमच्या शब्दाला अर्थ काय राहिला?"

"मलाही तेच वाटतंय," सूरबाई म्हणाल्या आणि रजेचा अर्ज पुढे ठेवला.

साहेब अर्ज बघून जरा हसले. "आठ दिवस? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि या अर्जाचा सूर काय समजायचा?"

"निर्वाणीचा," त्या म्हणाल्या. साहेबांनी मुकाट्यानं सही केली.

बुधवारी सकाळच्या बसनं त्या निघाल्या. चार तास खिडकीला डोकं टेकून काय बोलायचं ते ठरवत होत्या. एक वाक्य जुळवलं की ते मानभावी वाटायचं, दुसरं जुळवलं की गुळमुळीत. उतरल्या तेव्हा हातात काहीच नव्हतं. स्टँडबाहेर फळांची गाडी होती. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यांनी काही न बघता, नेहमीच्या सवयीनं पिशवीभर फळं घेतली.

धाकटीनं दार उघडलं. किती वाळली होती! गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. क्षणभर तिच्या तोंडावर काहीतरी हललं, मग ते बंद झालं.

"अगं, कशाला त्रास घेतलास एवढा," ती म्हणाली. "ये, बस. पाणी आणते. प्रवास बरा झाला ना?"

आत खाटेच्या जागी आता कापडाचे गठ्ठे होते. मशीन झाकून ठेवलेलं. कोपऱ्यात दवाखान्याची पिशवी भरून तयार होती, वर घडी केलेला टॉवेल आणि कागदांची फाईल. इतकी नीट तयारी, की दुसऱ्या कुणाची कशालाच गरज पडू नये. सूरबाईंनी पाणी घेतलं. धाकटीनं बसच्या वेळा विचारल्या, कचेरीचं कसं चाललंय विचारलं. सगळं जागच्या जागी, कार्डावरच्या ओळींसारखं. आपण उशिरा आलो, सूरबाईंना वाटलं. हिनंही आता आशा सोडली.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी पिशवी पुढे केली. धाकटीनं ती घेतली, आत पाहिलं, आणि तिचे हात तिथेच थांबले.

"संत्री," ती म्हणाली.

सूरबाईंनी पिशवीकडे पाहिलं. त्यांनाही तेव्हाच कळलं.

"संत्री आणलीस?" धाकटीचा आवाज चिरकला. "परत संत्री? अगं, तुला लाज, लज्जा, शरम काही आहे का गं? चौदा महिने! चौदा महिने मी ती कुजलेली संत्री फेकत होते! आईला चमच्यानं पाणी घालताना माझा जीव वर-खाली व्हायचा, आणि ही बाई येणार, पिशवी ठेवणार, घड्याळ बघणार! आणि मी लिहिलं, रडून रडून लिहिलं, तर मला मार्क दिलेस? आक्रस्ताळा! लाल पेन्सिलीनं! मी काय तुझी भाडेकरू आहे? भीती वाटते म्हणून लिहिलं, तर म्हणे रजा नाही! उद्या मला कापणार आहेत, कळतंय का तुला? उद्या मी टेबलावरून उठले नाही, तर कुणाला पाठवणार आहेस संत्री?"

पिशवी जमिनीवर आपटली. संत्री गठ्ठ्यांखाली, मशीनखाली घरंगळत गेली. धाकटी बोलतच होती. आईच्या अंगाचा वास, आई गेली ती दुपार, रिकाम्या घराचे पहिले आठ दिवस, सगळं बाहेर येत होतं, मागचं पुढे, पुढचं मागे. सूरबाई उभ्या राहून ऐकत होत्या. हा सूर कुठला, हे त्यांच्या मनातही आलं नाही. ही अजून आपल्याशी भांडतेय, एवढंच त्यांना कळत होतं, आणि त्यांचे डोळे वाहत होते.

धाकटीला धाप लागली तेव्हा त्यांनी तिला धरून बसवलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीचंच नव्हे. सगळंच चुकलं. मी यायला हवं होतं. मला भीती वाटायची तुझी."

"यायलाच हवं होतंस," धाकटी हुंदके देत म्हणाली. "माझी कसली भीती? मी एकटी होते गं इथे."

"हो."

मग धाकटीनं मोजपट्टीच्या टोकानं नाक पुसलं आणि पायाशी पडलेल्या संत्र्याकडे बघून म्हणाली, "संध्याकाळी सहानंतर काही खायचं नाही म्हणालेत. सोल ते. बिया काढून दे, मला आवडत नाहीत."

सूरबाईंनी संत्रं उचलून पदराला पुसलं आणि सोलायला घेतलं. एकेक फोड उघडून त्या बिया काढत होत्या.

तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या होऊन आल्या होत्या. "काय झालं हो? केवढा आरडाओरडा! कोण आहे घरात?"

"काही नाही हो वहिनी," धाकटी तोंडात फोड घालत म्हणाली. "ताई आलीय माझी. उद्या सकाळी तुम्ही नका येऊ, ही आहे सोबत."